टाळूत अडकलेला सुळा: लेकीच्या उपचारांची सव्वादोन वर्षे

१३ जून २०२५ रोजी माझ्या लेकीच्या दातांवरच्या तारा निघाल्या. परतीच्या एसटीत ती खिडकीच्या काचेत आपले दात न्याहाळत होती आणि मी मांडीवरची जाडजूड फाइल चाळत होते. या फाइलमधला पहिला एक्स-रे हाती आला त्या रात्री मराठीतून याविषयी काही वाचायला मिळते का म्हणून मी पहाटेपर्यंत शोधले होते आणि फारसे काही सापडले नव्हते. त्या रात्रीची आठवण ठेवून, घडले तसे, तारखा आणि खर्चासह इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. त्यामुळे वैद्यकीय भाग जेवढा डॉक्टरांनी समजावला आणि मला पडताळून पाहता आला, तेवढाच लिहिला आहे.

सुरुवात खरे तर ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली. लेक तेव्हा साडेदहा वर्षांची होती आणि किडलेली दाढ भरून घेण्यासाठी आम्ही साताऱ्यातल्या एका दवाखान्यात गेलो होतो. वरचे दोन्ही दुधाचे सुळे अजून घट्ट आहेत, असे मी सहज म्हटले, तेव्हा "येतील, वाट पाहा" एवढेच उत्तर मिळाले. वरचे कायमचे सुळे साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी येतात, त्यामुळे ते उत्तर चुकीचे नव्हते; पण त्या वेळी ओठ वर करून हिरडीवरून कोणी बोट फिरवले नाही, ही गोष्ट मला अजून सलते. वर येणाऱ्या सुळ्याचा फुगवटा नवव्या-दहाव्या वर्षीच दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठाच्या बाजूने, बोटाला लागायला हवा. तो एका बाजूला लागतो आणि दुसऱ्या बाजूला लागत नाही, हेच बहुतेक वेळा पहिले लक्षण असते. हे मला सव्वा वर्षाने कळले.

डिसेंबर २०२२ पर्यंत उजवा कायमचा सुळा पूर्ण खाली आला होता. डावीकडे दुधाचा इवलासा सुळा जागच्या जागी होता आणि त्याच्या शेजारचा पटाशीचा दात किंचित पुढे कलल्यासारखा दिसू लागला होता. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या फोटोत मला ते दिसले. बोट लावून पाहिले तर तो कललेला दात अगदी थोडासा हलत होता. लेकीला काहीही दुखत नव्हते, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट: मुळाची हानी होत असताना मुलाला काहीच जाणवत नाही, ना ठणक, ना सूज. मूल तक्रार करील तेव्हा पाहू, असे म्हणून इथे चालत नाही.

९ जानेवारी २०२३ रोजी ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढला. पाचशे रुपये लागले आणि दहा मिनिटांत काम झाले. पडद्यावर मला प्रथमच तो सुळा दिसला. खाली येण्याऐवजी तो तिरका, जवळजवळ आडवा होऊन मधल्या दातांकडे निघाला होता आणि त्याचे टोक शेजारच्या पटाशीच्या दाताच्या मुळावर टेकल्यासारखे दिसत होते. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की ही चित्रे सपाट असतात, सुळा मुळाच्या पुढे आहे की मागे, आणि मूळ खरोखर झिजले आहे की केवळ झाकले गेले आहे, हे यावरून सांगता येणार नाही. खाजगीत तारा आणि शस्त्रक्रिया मिळून ऐंशी हजारांच्या आसपास खर्च सांगितला गेला, म्हणून पुण्यातल्या एका दंत महाविद्यालयात जायचे आम्ही ठरवले. आमच्या आरोग्य विम्यात दातांचे उपचार अपघाताखेरीज बसत नव्हते, हेही त्याच आठवड्यात पॉलिसीचे बारीक अक्षर वाचून कळले.

२७ जानेवारीला पहाटे साडेपाचच्या गाडीने निघालो. दंत महाविद्यालयात जाणाऱ्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण दिवस हाताशी ठेवावा. आधी केसपेपर, मग तोंडाची तपासणी करणारा विभाग, तिथून एक्स-रे, पुन्हा तोच विभाग, आणि मग शिक्का मारून ऑर्थोडोंटिक्स, म्हणजे वाकडेतिकडे दात सरळ करणाऱ्या, विभागात. मुलाचे आधार कार्ड, आधीचे सर्व एक्स-रे आणि सुटे पैसे जवळ असले की निम्मी धावपळ वाचते. त्या दिवशी आमचा नंबर लागला तेव्हा सव्वा वाजला होता आणि लेक माझ्या खांद्यावर झोपली होती.

तपासणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थिनीने प्रथम तेच केले, जे सव्वा वर्षापूर्वी व्हायला हवे होते. तिने हातमोजा घातलेले बोट हिरडीवरून आणि मग टाळूवरून फिरवले, आणि माझे बोट धरून टाळूतला तो टणक उंचवटा मलाही दाखवला. मग एक्स-रे यंत्राची नळी थोडी सरकवून दोन छोटे एक्स-रे काढले. त्यामागची युक्ती तिने लेकीला शिकवली: दोन बोटे एकापुढे एक धरायची, एक डोळा मिटायचा आणि मान डावीकडे न्यायची, मागचे बोट मान जाते त्याच बाजूला सरकल्यासारखे दिसते. एक्स-रेमध्येही नळीच्या दिशेने सरकलेला दात मागे, म्हणजे टाळूकडे असतो. लेकीचा सुळा टाळूकडेच होता.

कागदांवरचे आकडे सुरुवातीला फार गोंधळात पाडतात. कायमच्या दातांसाठी वरची उजवी बाजू १, वरची डावी २, खालची डावी ३ आणि खालची उजवी ४ असते आणि पुढचा आकडा मधल्या रेषेपासून मोजलेला दात सांगतो. त्यामुळे वरचा डावा सुळा म्हणजे २३, त्याच्या शेजारचा पटाशीचा दात २२ आणि मधला २१. दुधाच्या दातांसाठी बाजूंचे आकडे ५ ते ८ असतात, म्हणून दुधाचा डावा सुळा ६३. डॉक्टर आपापसांत "टू-थ्री, टू-टू" असे बोलतात. एवढे कळले की समोर काय चालले आहे हे समजू लागते आणि भीती बरीच ओसरते.

६ फेब्रुवारीला सीबीसीटी झाले. हे जबड्याचे त्रिमितीय स्कॅन असते. मूल असल्यामुळे संपूर्ण डोक्याचे न घेता फक्त वरच्या जबड्याच्या पुढच्या भागाचे घ्यावे, असे डॉक्टरांनी चिठ्ठीवर मुद्दाम लिहिले होते, कारण त्यामुळे किरणांची मात्रा कमी राहते. खर्च १,८०० रुपये. अहवाल दोन दिवसांनी मिळाला. सोबत मिळालेली सीडी जपून ठेवा आणि तिची प्रत लगेच घरच्या संगणकावर काढा. ते का, ते पुढे येईलच.

१० फेब्रुवारीचा दिवस मी विसरणार नाही. विभागातल्या प्राध्यापकांनी पडद्यावर एकेक काप सरकवत दाखवला. २२ क्रमांकाच्या दाताचे मूळ टोकाकडून सुमारे एक तृतीयांश गेले होते आणि जिथे सुळ्याचे टोक टेकले होते तिथे चमच्याने कोरल्यासारखा खड्डा होता. २१च्या मुळालाही हलकासा ओरखडा होता. मी विचारले, हे किडीमुळे झाले का? ते म्हणाले, "नाही ताई. दुधाच्या दाताचे मूळ विरघळवून शरीर नव्या दाताला वाट करून देते, ते तुम्ही पाहिलेच आहे. इथे नव्या दाताने चुकीच्या मुळावर दाब दिला, आणि तेच काम चुकीच्या ठिकाणी झाले."

सुळा वाट का चुकतो याचे एकच कारण नसते. वरच्या पुढच्या दातांत तो सर्वांत शेवटी आणि सर्वांत लांबून, जवळजवळ नाकाच्या बाजूपासून खाली येतो, आणि उतरताना शेजारच्या पटाशीच्या दाताच्या मुळाचा आधार घेत येतो. तो दात लहान असेल किंवा नसेलच, तर वाट चुकण्याची शक्यता वाढते. साधारण शंभरात दोन जणांमध्ये वरचा सुळा असा अडकतो, मुलींमध्ये मुलग्यांच्या सुमारे दुप्पट, आणि हे घराण्यातही चालते. हे ऐकताना मला धाकटी बहीण आठवली. चाळिशीतही तिच्या तोंडात दुधाचा एक सुळा आहे आणि लहानपणी आम्ही ते कौतुकाने सांगत असू. त्या दुधाच्या दाताच्या वर काय आहे, हे घरात कधी कोणी पाहिले नव्हते.

दुधाचा सुळा काढून टाकला तर कायमचा आपोआप खाली येणार नाही का, हे मी विचारले. त्यावर प्राध्यापकांनी १९८८ सालच्या एका स्वीडिश अभ्यासाविषयी सांगितले. एरिकसन आणि कुरोल या दोघांनी १० ते १३ वर्षांच्या मुलांचे टाळूकडे वळलेले ४६ सुळे निवडून केवळ दुधाचे सुळे काढले, आणि त्यांपैकी ३६ सुळे पुढे योग्य वाटेला लागले. सुळ्याचे टोक शेजारच्या दाताच्या मुळाच्या मध्यरेषेच्या अलीकडे असेल तर यश ९१ टक्के होते, ते पलीकडे गेलेले असेल तर ६४ टक्के. लेकीचा सुळा मध्यरेषेच्या बराच पलीकडे होता आणि मुळाची हानी सुरू झालेली होती, म्हणून नुसती वाट पाहणे आता शक्य नव्हते. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो कुठे असेल, हा प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आणखी एक पर्याय आम्हाला आधीच्या एका सल्ल्यात सुचवला गेला होता: झिजलेला पटाशीचा दातच काढून त्याच्या जागी सुळा आणायचा. इथल्या डॉक्टरांनी त्याला ठाम नकार दिला. सुळा मुळापासून दूर नेला की झीज बहुतेक वेळा थांबते आणि आखूड मुळाचे दातही वर्षानुवर्षे टिकतात, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरे मत घेण्यासाठी मी एका खाजगी ऑर्थोडोंटिस्टकडे सीडी घेऊन गेले, ५०० रुपये फी दिली, आणि त्यांनीही तेच सांगितले. दात काढण्याची घाई करू नका, दुसरे मत घ्या, हे मला इथे आवर्जून लिहावेसे वाटते.

३ मार्च २०२३ रोजी तारा बसल्या. एकूण ३२,००० रुपये, चार हप्त्यांत. २२ क्रमांकाच्या दातावर मात्र ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवण्यासाठी दाताला चिकटवतात तो छोटा तुकडा, लावले नाही. सुळा त्याच्या मुळाला टेकलेला असताना तो दात हलवला तर झीज वाढते, म्हणून त्याला तसेच सोडून बाकीच्या दातांवरून बारीक स्प्रिंगने सुळ्यासाठी जागा वाढवायची होती. शाळेत सगळे विचारत की मधलाच एक दात का सोडला, आणि लेक प्रत्येकाला न कंटाळता समजावून सांगे. १७ मार्चपासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले आणि आम्हा दोघींच्या दर महिन्याच्या फेऱ्यांचा भार खरोखर हलका झाला.

शस्त्रक्रियेसाठी ९ मेची तारीख मिळाली होती, पण आदल्या दिवशी ताप आल्याने ती हुकली आणि २३ मे मिळाली. दरम्यान रक्ताच्या तपासण्या झाल्या, साडेसहाशे रुपये. संमतिपत्र तीन पानांचे होते. त्यात सुळा हाडाला चिकटलेला असेल तर तो हलणारच नाही, असेही एक वाक्य होते. सही करण्यापूर्वी मी त्या वाक्यावर थांबले, तेव्हा शल्यविभागातल्या डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी सगळे पुन्हा समजावले. संमतिपत्र घरी नेऊन वाचायला मागा; आम्ही मागितले आणि मिळाले.

तेवीस तारखेला लेकीने सकाळी पोहे खाल्ले, कारण भूल फक्त तोंडापुरती होती. टाळूच्या पुढच्या भागातले इंजेक्शन सर्वांत जास्त झोंबते, हे डॉक्टरांनी तिला आधी खरे सांगितले होते, आणि मला ते योग्य वाटले. "काही नाही होत बाळा" असे म्हणून टोचले असते तर तिने पुढे कोणावर विश्वास ठेवला नसता. तिच्या डोळ्यांतून पाणी आले, पण ती हलली नाही. मी दाराबाहेर होते. पन्नास मिनिटांनी डॉक्टरांनी कॅमेऱ्यातला फोटो दाखवला: टाळूचे कातडे बाजूला केलेले, आणि त्यात पांढराशुभ्र, कुठेही न झिजलेला, पूर्ण वाढलेला सुळ्याचा माथा. त्याच्यावर एक धातूचे बटण चिकटवलेले आणि बटणाला सोनेरी मुलाम्याची, बाहुलीच्या गळ्यातल्या साखळीएवढी नाजूक साखळी. दुधाचा सुळा त्याच वेळी काढला, टाळू पुन्हा टाके घालून मिटवला आणि साखळीचे टोक तेवढे बाहेर ठेवले. साखळीसह खर्च ६,५०० रुपये.

पहिले दोन दिवस बरेच जड गेले. टाळू सुजल्यामुळे गिळताना त्रास होई. गार ताक, तांदळाची पेज, मऊ केलेला वरणभात आणि आइस्क्रीम यांवर तिने चार दिवस काढले. चूळ पहिल्या दिवशी भरायची नव्हती. दुसऱ्या दिवसापासून औषधी चूळ सुरू झाली, तिने दातांवर तपकिरी छटा येते पण ती नंतर साफ होते. सातव्या दिवशी टाके निघाले. सुट्टीत शस्त्रक्रिया करून घेतल्याने शाळा बुडली नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ओढ सुरू झाली. दाढांना बसवलेली एक तार टाळूवरून आडवी जात होती आणि तिच्या हुकाला साखळी बांधली होती. प्रथम सुळा खाली ओढायचा नव्हता. तो मागे, मुळांपासून दूर न्यायचा, मग खाली, आणि सर्वांत शेवटी ओळीत आणायचा, हा क्रम मला वहीत चित्र काढून दिला गेला. जोर किती तर साठ ग्रॅम, छोट्या मापकाने मोजलेला. जास्त ओढले तर लवकर येतो असे नसते.

जून, जुलै, ऑगस्ट. तीन महिने डोळ्यांना काहीही दिसले नाही. संमतिपत्रातले ते वाक्य मला रोज रात्री आठवे. दर भेटीत डॉक्टर साखळीच्या कड्या मोजत आणि एखादी कडी कमी झाली की ती कापून टाकत. त्या कापलेल्या कड्या हाच काय तो पुरावा. लेक त्या एका छोट्या डबीत जमवत असे. सप्टेंबरमध्ये, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, साखळीचे टोक हुकातून सुटून जिभेवर लोंबू लागले. असे झाले तर साखळी ओढू नये, कापू नये; डॉक्टरांना फोटो पाठवावा. आम्हाला मेण लावून टोक टाळूला चिकटवून ठेवायला सांगितले आणि आठ दिवसांनी ती पुन्हा बांधली. मेणाची डबी तेव्हापासून दप्तरात कायम असे.

१९ जानेवारी २०२४ रोजी सकाळी दात घासताना ती न्हाणीघरातून ओरडली, "आई, खरखरीत लागतंय!" टॉर्च लावून पाहिले तर टाळूत तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे टोक दिसत होते. आम्ही दोघी तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिलो.

फेब्रुवारीत २२चा छोटा एक्स-रे काढला. वर्षभरापूर्वीच्या मापाशी तुलना केली तेव्हा मूळ आणखी झिजलेले नव्हते. थंड लावून पाहिल्यावर दाताला संवेदना होती, म्हणजे तो जिवंत होता, रूट कॅनलची गरज नव्हती. त्या दिवशी प्रथमच त्या दातावर ब्रॅकेट बसले.

मे २०२४ मध्ये आमच्या डॉक्टरांचे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण झाले आणि फाइल नव्या विद्यार्थ्याकडे गेली. या हस्तांतरात सीबीसीटीची सीडी हरवली. घरच्या संगणकावर प्रत होती म्हणून पुन्हा स्कॅन करावे लागले नाही, पैसेही वाचले आणि किरणेही. महाविद्यालयात उपचार घेताना डॉक्टर बदलणार हे गृहीत धरा आणि प्रत्येक कागदाची आपली प्रत ठेवा. माझ्याकडे एक साधी शंभर पानी वही होती, तीत मी प्रत्येक भेटीची तारीख, काय केले आणि पुढे काय करायचे ते लिहीत असे. नव्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी ती वहीच वाचून काढली.

नोव्हेंबर २०२४ पर्यंत सुळा ओळीत आला. त्यानंतरचे सात महिने त्याचे मूळ योग्य कोनात वळवण्यात गेले. हा काळ सर्वांत कंटाळवाणा असतो, कारण बाहेरून सगळे नीट दिसत असते आणि मूल रोज विचारते की आता का काढत नाही.

जून २०२५ मध्ये तारा काढल्या तेव्हा हिशेब केला. ओपीजी, सीबीसीटी, केसपेपर आणि छोटे एक्स-रे, दुसऱ्या मताची फी, रक्त तपासणी, तारा, शस्त्रक्रिया, औषधे आणि दात पुन्हा सरकू नयेत म्हणून रात्री लावायचे रिटेनर मिळून ४५,९५० रुपये. पुण्याच्या चौतीस फेऱ्या झाल्या, त्यांचा प्रवास आणि जेवण वेगळे. माझ्या किरकोळ रजा बहुतेक यातच गेल्या. २२ क्रमांकाच्या दाताचे मूळ आखूड आहे ते आखूडच राहणार. त्या दाताने ऊस सोलायचा नाही, कडक चिक्की पुढच्या दातांनी तोडायची नाही, आणि वर्षातून एकदा एक्स-रे काढायचा, एवढी पथ्ये आहेत. पुढची तारीख १२ डिसेंबर आहे.

माझा मुलगा आता साडेनऊ वर्षांचा आहे. तारा निघाल्या त्या रात्री मी त्याला दिव्याखाली बसवले, हात स्वच्छ धुऊन त्याचा ओठ वर केला आणि हिरडीवरून बोट फिरवले. उजवीकडे फुगवटा स्पष्ट लागला. डावीकडे मला तो नक्की लागला असे म्हणता येईना. लेकीने हात धुतले आणि तिनेही बोट फिरवून पाहिले. "आई, आहे वाटतं, पण उजवीकडच्याएवढा नाही," ती म्हणाली. १२ डिसेंबरच्या रकान्यात, तिच्या नावाखाली, मी त्याचेही नाव लिहून ठेवले आहे.